आपल्या डोक्यावरून जाणारे विमान

आपल्या वसतिगृहाच्या गच्चीवरून दोन प्रकारची उड्डाणे दिसतात. थंडीची चाहूल लागली की उजनी जलाशयाच्या फुगवट्यावर रोहित आणि पट्टकदंब उतरू लागतात; डिकसळ-कुंभारगावच्या बाजूने त्यांच्या रांगा सकाळ-संध्याकाळ आकाशात उमटतात. दुसरे उड्डाण पावसाळ्याचे काही दिवस वगळता वर्षभराचे. बारामतीच्या विमानतळावरून सुटलेली दोन किंवा चार आसनांची शिकाऊ विमाने घरघरत येतात, वळसा घेतात आणि निघून जातात. भिगवणहून बारामती पंचवीस-तीस किलोमीटर. विमानाला हे अंतर दहा-बारा मिनिटांचे. पक्षी पाहण्यासाठी पुण्या-मुंबईहून माणसे येतात. विमानाकडे मात्र आपण क्षणभर मान वर करून पाहतो आणि पुन्हा कामाला लागतो.

२०२३ च्या ऑक्टोबरात ही मान जरा अधिक वेळ वर राहिली. १९ ऑक्टोबर २०२३ रोजी कटफळजवळ एक शिकाऊ विमान कोसळले आणि तीनच दिवसांनी, २२ तारखेला, गोजुबावीजवळ दुसरे. त्याआधी २५ जुलै २०२२ रोजी आपल्याच इंदापूर तालुक्यात, कडबनवाडीच्या शिवारात, असेच एक विमान शेतात आदळले होते. ते चालवणारी प्रशिक्षणार्थी विमानात एकटीच होती; वय बावीस. या तिन्ही घटनांत माणसे जखमी झाली, परंतु कोणाचाही जीव गेला नाही. ऑक्टोबरमधील घटनांनंतर नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने संबंधित संस्थेचे प्रशिक्षण काही काळ थांबवले.

दिवाळीची सुट्टी संपवून मुले परतली ती हे सारे ऐकूनच. नववीतील एका मुलीला पोहोचवायला तिची आजी आली होती. त्या म्हणाल्या, "गुरुजी, तुमच्या शाळंवरनं ती इमानं जात्यात म्हणं. पोरगी हितं ठिवू का नको?" त्याच दिवशी सायंकाळची वंदना आटोपल्यावर नातीने निराळाच प्रश्न विचारला, "सर, विमान चालवायला शिकवतात कसे? आणि आपल्याला शिकवतात का?"

मी इतिहासाचा शिक्षक. दोघींपैकी एकीलाही मला तेव्हा पुरते उत्तर देता आले नाही. नंतर वर्षभर वाचले, विज्ञानाच्या सहकाऱ्यांना पिडले, जाणत्यांना विचारले. या स्मरणिकेसाठी मी शाळेचा इतिहास लिहावा अशी संपादक मंडळाची अपेक्षा होती. तो इतरांनी माझ्याहून चांगला लिहिला आहे. मी ते राहिलेले उत्तर लिहितो.

विमान हवेत राहते कसे, येथूनच आरंभ केला पाहिजे, कारण भीतीचे मूळ बहुधा तेथे असते. एवढे जड यंत्र, खाली आधार काही नाही, म्हणजे ते केव्हाही पडणार असे मनाला वाटते. आधार असतो, तो दिसत नाही इतकेच. धावत्या एस.टी.च्या खिडकीतून हात बाहेर काढू नये हे ठाऊक असूनही आपण सर्वांनी तो लहानपणी काढलेला आहे. तळवा पुढच्या बाजूने किंचित वर उचलून धरला की हात आपोआप वर जाऊ लागतो. तळव्याने हवेला खाली ढकलले, हवेने तळव्याला वर ढकलले. विमानाचा पंख हेच काम अधिक नेटकेपणाने करतो. त्याच्या आकारामुळे आणि कलामुळे वरची हवा वेगाने वाहते, तिचा दाब घटतो आणि पंखामागे सारा प्रवाह खाली वळतो. (वरची आणि खालची हवा पंखाच्या मागच्या कडेला एकाच वेळी पोहोचली पाहिजे म्हणून वरची धावते, असे काही पुस्तकांत लिहिलेले आढळते. असा कोणताही नियम नाही. वरची हवा प्रत्यक्षात आधीच पोहोचते. परीक्षेत काय लिहावे ते मात्र विज्ञानाच्या शिक्षकांना विचारा.) म्हणजे विमानाला तोलून धरते ती गती. सेसना १५२ हे शिकाऊ विमान दोन आसनांचे, एंजिन सुमारे ११० अश्वशक्तीचे. ताशी शंभर किलोमीटरच्या आसपास वेग आला की ते धावपट्टी सोडते. आपल्या दारातल्या पुणे-सोलापूर महामार्गावर मोटारी यापेक्षा वेगाने जातात.

हे समजले की एंजिन बंद पडले तर काय, या प्रश्नाची धार निम्मी होते. एंजिन थांबले तरी पंख थांबत नाहीत. नाक थोडे खाली करून उंचीच्या बदल्यात गती मिळवता येते आणि विमान घारीसारखे तरंगत खाली येते. तीन हजार फुटांवर एंजिन बंद पडलेले सेसना, वारा शांत असेल तर, साधारण आठ किलोमीटर जाऊ शकते. हाताशी चार-साडेचार मिनिटे असतात. तेवढ्यात मोकळे रान निवडायचे आणि उतरायचे, याचा सराव विद्यार्थ्याकडून पुनःपुन्हा करून घेतला जातो. मोठ्या विमानांचेही तसेच. २४ ऑगस्ट २००१ रोजी एअर ट्रान्सॅट कंपनीच्या विमानाचे इंधन अटलांटिक महासागरावर गळून संपले. दोन्ही एंजिने बंद असताना ते सुमारे १२० किलोमीटर तरंगत गेले आणि अझोर्स बेटांवर उतरले. आतील ३०६ माणसे वाचली.

आता शिकवतात कसे ते पाहू. शिकणारा डाव्या आसनावर बसतो, शिकवणारा उजव्या; दोघांपुढेही नियंत्रणाची साधने असतात. परंतु पहिला धडा आसनावर बसण्याआधीचा. विमानाभोवती फिरायचे, पंख आणि शेपटीच्या झडपा हाताने हलवून पाहायच्या, टाकीच्या तळातून थोडे इंधन काढून त्यात पाणी उतरले आहे का ते उजेडात पाहायचे, तेल मोजायचे. आणि हे सारे स्मरणाने नव्हे, हातातील यादी वाचून. वीस वर्षे विमान चालवणाराही यादी वाचतो. या प्रथेमागे एक मरण आहे. ३० ऑक्टोबर १९३५ रोजी अमेरिकेत बोइंगचे एक नवे बॉम्बफेकी विमान चाचणीच्या वेळी कोसळले. चालवणारे अत्यंत अनुभवी होते. उभ्या विमानाची शेपटी वाऱ्याने हलू नये म्हणून लावलेली कुलपे काढायची तेवढी राहून गेली होती. त्यानंतर असे ठरले की स्मरणशक्ती कितीही तल्लख असली तरी तिच्यावर विसंबायचे नाही.

मग सरळ उडणे, वळणे, चढणे, उतरणे. त्यानंतर येतो तो धडा मला सर्वांत विलक्षण वाटला. त्याला 'स्टॉल' म्हणतात. वर्तमानपत्रांत याचा अर्थ एंजिन बंद पडणे असा छापला जातो. तो चूक आहे. नाक प्रमाणाबाहेर वर उचलले की पंखावरील हवेचा प्रवाह तुटतो, पंख आपले काम सोडतो आणि विमान खाली बसू लागते. आता मनुष्यस्वभाव असा की पडू लागलो की वर ओढायचे. नवशिका दांडी आणखी मागे ओढू पाहतो आणि पडणे वाढवतो. उपाय नेमका उलटा : नाक खाली करायचे, हवेला पुन्हा पंखावरून वाहू द्यायचे, मग सावरायचे. सुरक्षित उंचीवर शिक्षक मुद्दाम स्टॉल घडवतात आणि विद्यार्थ्याच्या हातांना त्यांची उपजत चूक विसरायला लावतात. १ जून २००९ रोजी एअर फ्रान्सचे विमान अटलांटिकमध्ये पडले आणि २२८ माणसे गेली. वेगाचे माप काही काळ चुकीचे दिसू लागल्यावर नाक वर ओढले गेले आणि दीर्घकाळ वरच ठेवले गेले. एंजिने शेवटपर्यंत चालू होती.

मग धावपट्टीभोवतीच्या फेऱ्या सुरू होतात. उडायचे, चौकोनी वळसा घ्यायचा, उतरायचे, पुन्हा उडायचे. आपल्या डोक्यावरची घरघर कित्येकदा अशाच गिरवण्याची असते. बालवाडीतील मूल 'अ' गिरवते तशी. यात आणखी एक गोष्ट गिरवून घेतली जाते. उतरताना वेग, उंची, दिशा यांपैकी काही बिनसले तर हट्टाने उतरायचे नाही. एंजिनाला जोर देऊन पुन्हा वर जायचे. प्रवासी घाबरतात, विमान टेकता टेकता वर का गेले म्हणून. ते शहाणपणाचे लक्षण असते. ७ ऑगस्ट २०२० रोजी कोळिकोडला पावसात उतरलेले विमान धावपट्टीच्या पलीकडे घसरून २१ जण मृत्युमुखी पडले. ते धावपट्टीवर फार पुढे जाऊन टेकले होते आणि वेळीच पुन्हा वर जाणे घडले नव्हते, असे चौकशी अहवाल सांगतो.

एके दिवशी शिक्षक उतरतात, दार लावून घेतात आणि विद्यार्थ्याला एकट्याला पाठवतात. याला एकल उड्डाण म्हणतात. कडबनवाडीला जी मुलगी पडली, ती अशीच एकटी होती. तिच्या जखमा किरकोळ होत्या.

मोठ्या विमानांविषयी मुलांनी विचारलेल्या प्रश्नांची एक वहीच माझ्याकडे आहे. त्यांतील काही प्रश्न लवकर आटोपता येतील. वीज पडली तर? ती विमानाच्या धातूच्या बाह्य आवरणावरून वाहून निघून जाते. विमाने हे गृहीत धरूनच बांधलेली असतात. कोणी हवेत दार उघडले तर? दहा-अकरा किलोमीटर उंचीवर आतील हवेचा दाब बाहेरच्याहून इतका अधिक असतो की दाराच्या दर चौरस मीटरवर पाच टनांहून अधिक भार पडतो. माणसाच्या ताकदीचे ते काम नव्हे. तरीही खोटा दिलासा नको. ५ जानेवारी २०२४ रोजी अमेरिकेत अलास्का एअरलाइन्सच्या विमानाच्या भिंतीतील एक बंद झडप उडून गेली. ती घट्ट धरणारे बोल्ट कारखान्यात बसवायचे राहिले होते. कोणी दगावले नाही. पट्टे बांधलेले होते.

पट्ट्याचे महत्त्व हवेच्या धक्क्यांत कळते. 'हवेचा खड्डा' असे आपण म्हणतो. हवेत खड्डे नसतात. चैत्र-वैशाखात रान तापते, तापलेली हवा वर चढते आणि तिच्यावर स्वार होऊन घार पंख न हलवता उंच जाते, हे आपण रोज पाहतो. त्याच चढत्या-उतरत्या प्रवाहांत विमान हिंदकळते. पंख वाकतात, त्यांनी वाकावे अशीच त्यांची घडण असते. विमान सहसा मोडत नाही, आतील मोकळे माणूस मात्र छताला आपटते. मे २०२४ मध्ये लंडनहून सिंगापूरला निघालेल्या विमानात अशाच धक्क्यांनी एक प्रवासी दगावला आणि अनेक जखमी झाले.

आणि पक्षी? हा प्रश्न भिगवणच्याच मुलांनी विचारावा. पट्टकदंब हिमालय ओलांडून आपल्याकडे येतो. सात हजार मीटरहून अधिक उंचीवर त्याची नोंद झालेली आहे. परंतु पक्ष्यांशी टक्कर होते ती मुख्यतः जमिनीलगत, उड्डाणाच्या आणि उतरण्याच्या वेळी. १५ जानेवारी २००९ रोजी न्यूयॉर्कमध्ये रानहंसांचा थवा शिरून एका विमानाची दोन्ही एंजिने निकामी झाली. वैमानिकांनी ते हडसन नदीच्या पाण्यावर उतरवले आणि १५५ जण वाचले. आपल्याकडील १९३७ च्या विमान नियमांनुसार विमानतळापासून दहा किलोमीटरच्या आत उघड्यावर जनावरे कापणे व कचरा टाकणे मना आहे, कारण घाण तेथे घारी-गिधाडे. नियम कागदावर आहे. कचरा कोठे आहे, ते आपण रस्त्याने जाताना पाहतोच.

वहीतील एका प्रश्नापाशी मात्र मी फार दिवस रेंगाळलो. एका मुलाने विचारले होते, "मोठा पायलट चुकला तर धाकटा त्याला सांगू शकतो का?" २७ मार्च १९७७ रोजी टेनेरिफ बेटाच्या विमानतळावर दाट धुके होते. दोन बोइंग ७४७ विमाने एकाच धावपट्टीवर होती. त्यांतील एकाचे मुख्य वैमानिक त्यांच्या कंपनीतील अत्यंत ज्येष्ठ आणि नामांकित गृहस्थ. परवानगी मिळाली असे समजून त्यांनी विमान दौडवले. दुसरे विमान अजून धावपट्टीवरून बाजूला झाले नसावे अशी शंका मागे बसलेल्या अभियंत्याने बोलून दाखवली; ती झटकली गेली आणि त्यांनी ती पुन्हा काढली नाही. ५८३ माणसे मेली. विमान वाहतुकीच्या इतिहासात एका अपघातातील हा सर्वांत मोठा मृत्यूचा आकडा आहे.

यानंतरच्या वर्षांत जगभर वैमानिकांचे शिक्षण बदलले. कनिष्ठाने शंका स्पष्ट शब्दांत बोलली पाहिजे, वरिष्ठाने ती ऐकली पाहिजे, आणि दोघांचीही या बाबतीत परीक्षा घेतली पाहिजे, असा दंडक झाला. श्रेणीची उतरंड माणसे मारते, हे आपल्या समाजाला कोणी सांगावे लागत नाही. पण एखाद्या व्यवसायाने ते प्रेते मोजून मान्य केले आणि आपली शिस्त बदलली, असे उदाहरण इतिहासात मला फार सापडलेले नाही. अपघाताच्या चौकशीचा आंतरराष्ट्रीय नियमही असा, की हेतू पुढचा अपघात टाळण्याचा. दोषी ठरवणे हे त्या चौकशीचे काम नव्हे. आपल्या देशात हे काम २०१२ पासून विमान अपघात अन्वेषण ब्यूरो पाहते.

या साऱ्यामुळेच २०१७ या संपूर्ण वर्षात जगात प्रवासी जेट विमानाच्या नियमित उड्डाणात एकही प्रवासी दगावला नाही. भारतातील रस्त्यांवर २०२२ या एका वर्षात १ लाख ६८ हजार ४९१ माणसे मेली. शिकाऊ लहान विमानांचे प्रमाण प्रवासी विमानांइतके निर्धोक नाही, हेही सांगितले पाहिजे. तरीही आजींना मी आज एवढेच सांगेन की नातीला आकाशापेक्षा फाटकासमोरच्या महामार्गाची काळजी अधिक आहे. तेथे दोन्ही बाजूंना पाहून, हात धरून रस्ता ओलांडण्याची सवय आपण लावतो; ती सुटू देऊ नये.

आता नातीचा प्रश्न. 'आपल्याला' या शब्दात तिने बरेच काही विचारले होते.

काही जण तिला सांगतील की विमानविद्या आपल्या प्राचीन ग्रंथांत होतीच. हे मोबाइलवर फिरत असते, म्हणून लिहितो. ज्या 'वैमानिक शास्त्र' नामक ग्रंथाचा हवाला दिला जातो, त्याची बेंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतील पाच अभ्यासकांनी १९७४ साली चिकित्सा केली. ग्रंथ विसाव्या शतकाच्या आरंभीचा निघाला आणि त्यातील विमाने उडू शकणारी नाहीत असा निष्कर्ष निघाला. १७ डिसेंबर १९०३ रोजी जे उडाले, ते बारा सेकंद आणि १२० फूट. उडवणारे राइट बंधू सायकली दुरुस्त करणारे कारागीर होते, कोणाकडेही महाविद्यालयाची पदवी नव्हती. त्यांनी स्वतःच्या हातांनी हवेचा बोगदा बांधून पंखांचे शेकडो नमुने मोजून पाहिले होते.

तिला सांगावी अशी गोष्ट दुसरीच आहे. बेसी कोलमन १८९२ साली टेक्सासमध्ये जन्मली. कृष्णवर्णीय, तेरा भावंडांतील दहावी, लहानपणी कापूस वेचणारी. बाबासाहेब न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात शिकत होते, साधारण त्याच काळात ती शिकागोला आली आणि न्हाव्याच्या दुकानात नखे रंगवण्याचे काम करू लागली. विमान शिकायचे तिने ठरवले. अमेरिकेतील एकाही शाळेने तिला घेतले नाही. ती स्त्री होती आणि काळी होती. तिने फ्रेंच भाषा शिकली, पैसे जमवले, फ्रान्सला गेली आणि १५ जून १९२१ रोजी आंतरराष्ट्रीय परवाना मिळवला. परत येऊन ती कसरतीची उड्डाणे करी. ३० एप्रिल १९२६ रोजी सरावाच्या वेळी तिचा सहकारी विमान चालवत होता आणि खालचे मैदान वाकून पाहता यावे म्हणून तिने पट्टा बांधलेला नव्हता. यंत्रात विसरलेला एक पाना नियंत्रणात अडकला, विमान उलटले आणि ती बाहेर फेकली गेली. वय चौतीस. वर यादीविषयी आणि पट्ट्याविषयी जे लिहिले, ते मी हे वाचल्यानंतर अधिक गांभीर्याने लिहिले आहे.

आज आपल्याकडे कोणत्याही जातीच्या नावाने फ्लाइंग स्कूलचे दार बंद नाही. अटी आहेत, आणि त्या आठवी-नववीतच ठाऊक हव्यात; बारावीनंतर कळल्या तर उशीर होतो. व्यावसायिक परवान्यासाठी बारावीला भौतिकशास्त्र आणि गणित लागते. कला शाखेतून गेलेल्यांना हे विषय मुक्त विद्यालयातून पुन्हा देता येतात. शिकाऊ परवाना सोळाव्या वर्षी, व्यावसायिक अठराव्या. वैद्यकीय तपासणी दोन टप्प्यांची. हवामान, दिशाज्ञान, नियम आणि यंत्रज्ञान यांच्या लेखी परीक्षांत सत्तर टक्के गुण हवेत. उड्डाण एकूण दोनशे तासांचे, त्यांपैकी शंभर तास विमानाची जबाबदारी स्वतःवर घेऊन. एक सफर तीनशे सागरी मैलांची, म्हणजे साडेपाचशे किलोमीटरहून अधिक, वाटेत दोन वेगळ्या विमानतळांवर उतरून. पाच तास रात्रीचे. बोलणे इंग्रजीत, पण ती इंग्रजी साहित्याची नव्हे. ठरलेली थोडी वाक्ये स्पष्ट उच्चारायची आणि समोरच्याने सांगितलेले परत म्हणून दाखवायचे. मराठी माध्यमाच्या मुलांनी याचा बाऊ करू नये.

खरी भिंत पैशाची. हे शिक्षण आज चाळीस लाखांच्या पुढे जाते. केंद्र शासनाच्या अनुसूचित जातींसाठीच्या 'टॉप क्लास' शिष्यवृत्तीच्या नियमावलीत खासगी फ्लाइंग क्लबातील प्रशिक्षणासाठी मर्यादा घातली गेली ती वर्षाला ३ लाख ७२ हजार रुपयांची. याला तोंडाला पाने पुसणे म्हणतात. रायबरेलीजवळ फुरसतगंज येथे केंद्राची इंदिरा गांधी राष्ट्रीय उडान अकादमी आहे. तेथे प्रवेश परीक्षेने होतो आणि जागांना आरक्षण आहे, परंतु शुल्क तेथेही भरावेच लागते. नागपूरला राज्य शासनाचा फ्लाइंग क्लब आहे. आपल्या माजी विद्यार्थ्यांपैकी जे आज बँकांत आणि मंत्रालयात आहेत, त्यांनी या शिष्यवृत्तीच्या रकमेचा प्रश्न लावून धरावा, ही माझी या स्मरणिकेतून विनंती आहे. शैक्षणिक कर्जाला तारण काय, हा आमच्या पालकांपुढचा प्रश्न व्याख्यानांनी सुटत नाही.

ती मुलगी आता दहावीत आहे. तिला चष्मा आहे, आणि मध्यंतरी कोणीतरी तिला सांगितले की चष्मा असला की संपले. तसे नाही. चष्म्याने दृष्टी ठरलेल्या मापापर्यंत येत असेल तर वैमानिकाला चष्मा चालतो. रंग मात्र नीट ओळखता आले पाहिजेत. हे मी तिला सांगितले तेव्हा ती गच्चीवर कपडे वाळत घालत होती. तिने खाली पटांगणात वाळत असलेल्या पंचशील ध्वजाकडे बोट करून त्यातील रंग क्रमाने म्हणून दाखवले.